हुबेहूब चाल

ॲन आर्बर, रविवार

प्रिय देवू,

कालच्या नाटकाची मला शिसारी आली आहे, आणि नाटकापेक्षा माझी जास्त.

इथल्या मराठी मंडळात दिवाळीला एकांकिका असते. यंदा तिसरा रिचर्ड, इंग्लंडचा तो बदनाम राजा, सख्ख्या पुतण्यांना मारल्याचा ज्याच्यावर आळ आहे. राजा मी झालो. फोनवर सांगितलं तेव्हा तू केवढी खूश झालीस! तू इतिहास शिकवणारी, शिवाय तुझी पाठही त्याच्यासारखीच. पार्किंगखाली सापडलेल्या त्याच्या हाडांबद्दल तासभर बोलत होतीस. कणा बाजूला वळलेला, पण कुबड नाही. नीट शिवलेल्या अंगरख्यात कुणाला कळलंही नसतं. त्याला माणूस म्हणून उभा कर दादा, म्हणालीस. मी शब्द दिला.

तालमीत तसाच उभा राहिलो. दिग्दर्शक संध्याकाकू वैतागल्या. अरे यतीन, हा व्हिलन वाटतच नाही, ऑडियन्सला कळणार कसं? त्यांनी माझ्या पाठीला सोफ्यावरची उशी बांधली. मी ती बांधून घेतली.

तरी काल पहिल्या प्रवेशात हॉल थंडच. निम्मे लोक मोबाईलमध्ये. मग मला काय सुचलं कोण जाणे, उजवा हात कमरेवर दाबून चार पावलं टाकली, थांबलो, मान वर करून दम घेतला, पुन्हा चार पावलं. हशा, शिट्ट्या! पुढे प्रत्येक एंट्रीला तेच केलं. मंडळातल्या देवांगची मुलगी ‘सो क्रीपी, काका!’ म्हणत सेल्फी काढून गेली. मी फुशारलो होतो गं.

तुझ्या वहिनीने मात्र टाळी वाजवली नाही. गाडीत म्हणाली, ती देवूची चाल होती ना? मी जीपीएसकडे बघत राहिलो.

होती. शाळेच्या रस्त्यावर तो वर्गातला केदार तुझी नक्कल करत तुझ्यामागे अस्साच चालत यायचा. मी त्याचे दोन दात पाडले होते. आज चाळिशीत मी त्याच्यापेक्षा नीच निघालो. त्याच्यासमोर निदान तीनशे माणसं नव्हती.

सकाळी कुणीतरी व्हिडिओ आपल्या घरच्या ग्रुपवर टाकला. मामा, मावश्या, सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या. त्यांच्याखाली तुझी एक ओळ आली: चाल हुबेहूब जमली, दादा. आणि मी निर्लज्जासारखा त्यावर थँक्यू लिहून मोकळा झालो. तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. देवू, ते थँक्यू मी परत घेतो. मला माफ कर.

तुझाच, तोंड दाखवायची लाज वाटणारा,
यतीनदादा