नळीतला आवाज

सोलापूर, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९७४

आज तरंगलांबीचं प्रॅक्टिकल. नादकाटा रबरावर आपटून नळीच्या तोंडाशी धरायचा, नळीतलं पाणी हळूहळू खाली न्यायचं आणि आवाज एकदम घुमला की थांबून लांबी मोजायची. असं दोन ठिकाणी. वजाबाकी करून दुप्पट केली की तरंगलांबी आली. गणित मला तोंडपाठ आहे. पण तो आवाज?

काटा बोटांत थरथरत होता, तेवढं कळत होतं. मी पाणी खाली नेतच राहिलो.

जोडीदार सलीम ओरडला, "अरे, घुमला की! ऐकू येईना व्हय तुला?"

"येतंय की," म्हणालो. कशाला म्हणालो? परीक्षेला शेजारी सलीम नसणार.

रोज कॉलेजआधी अण्णांबरोबर घरचे यंत्रमाग चालवतो. त्या खडखडाटात अण्णांचे कान कधीच गेले. मला वाटायचं, माझी पाळी यायला अजून खूप वर्षं आहेत.

संध्याकाळी पुन्हा मागावर होतो. जेवायला बोलावताना आईनं नेहमीसारखा अण्णांच्या खांद्याला हात लावला. मग माझ्या.

मला हाक मारायचं तिनं कधी बंद केलं?