एका टोपल्यातल्या भाकरी

आत्याबाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की सासू म्हणून तुम्ही कशा होतात हे सांगणारं घरात माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, मलाही नव्हतं. मला ते नातीनं म्हातारपणी शिकवलं, आणि माझा ‘ळ’ बघून ती अजून हसते. हसू दे. तुम्ही मला काय कमी हसलात? माझी या घरातली पहिली भाकर तव्यावर फाटली तेव्हा म्हणालात, “असू दे, ढोरं खातील. त्यास्नी नाक मुरडाया येत न्हाई.” मी चुलीमागं रडत बसले, आणि तुम्ही गुपचूप माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवलात. तुमचा राग आणि तुमची माया एकाच दिवशी मिळायची, त्यामुळं तुमच्यावर रुसून बसणं मला कधी जमलंच नाही.

ओढ्यावर बांध घालायचं माझ्या लग्नाआधीपासून चाललं होतं. देशमुखांनी तहसिलीत अर्जी दिलेली, ती बीडला गेली, तिथून म्हणे हैदराबादेला गेली. अर्जी फिरत होती आणि आपण बाया वाळूत झिरे उकरून वाटीवाटीनं घागर भरत होतो. आदल्या उन्हाळ्यात धनगरांची चार घरं मेंढरं घेऊन निघून गेली, ती परत आलीच नाहीत. या साली बांध झाला नाही तर आणखी कोण उठणार, हे कुणी बोलत नव्हतं, पण पोरीबाळींना मामाच्या गावी धाडणं सुरू झालं होतं. मग देशमुख म्हणाले, राबणाऱ्यांना धान्य मी देतो, पाणी मात्र आधी माझ्या मळ्याला. पारावरचे गडी माना खाली घालून बसलेले, आणि तुम्ही लिंबाखाली पदर पुढं ओढून उभ्या. “आमाला धान्य नगं, आन सरकारचा हुकूमबी नगं. इर्जिक करू,” म्हणालात.

इर्जिक सगळ्यांना ठाऊक होती. एकाच्या शेतात साऱ्यांनी आपापले नांगर न्यायचे, दिवसभर राबायचं, आणि ज्याचं शेत त्यानं जेवू घालायचं. पारावरून कुणीतरी विचारलं, “वयनी, ओढा कुणाचा? जेवू कोण घालनार?” तुम्ही म्हणालात, “ज्येला ज्येला ताहान लागती, त्येनं.” ठरलं ते असं, की प्रत्येक घरानं भाकरी आणायच्या, सगळ्या एकाच टोपल्यात टाकायच्या, आणि हाताला लागेल ती खायची. गावकुसाबाहेरच्या वस्तीतला म्हातारा लांब उभा होता. तो म्हणाला, “आमाला वेठ ठावं हाय, माय. साहेबाच्या गाड्या आमी ओढतो, देशमुखाची लाकडं फोडतो, आन पोटाचं आमचं आमी बगतो. ही इर्जिक कावून येगळी?” तुम्ही त्याला म्हणालात, “वेठीला कुनी संगं जेवतं का, बाबा?” तो हसला. “बगू,” म्हणाला.

वस्ती कामाला आली, तिच्याही भाकरी त्याच टोपल्यात पडल्या, तशी कुरकुर झाली. काहीजण दोन दिवस उपाशीपोटी दगड उचलत राहिले, तिसऱ्या दिवशी भुकेनं त्यांना शहाणं केलं. आजही डोळे मिटले की मला तो बांध दिसतो. गडी दगड लावतायत, बाया चिखल वाहतायत, तुम्ही मधे उभ्या राहून सगळ्यांवर ओरडताय. दोन्ही काठांकडून बांध वर येतोय आणि मधली खिंड तेवढी राहिलीय. मिरग पंधरा दिवसांवर आलाय. ती खिंड उघडी राहिली तर पहिल्याच लोंढ्यात सगळं वाहून जाणार.

त्या दिवशी भाकरी वाटायला तुम्ही मला बसवलंत. बाईमाणसाला भाकर ओळखता येते, आत्याबाई. कुणाची जाड, कुणाची कडेला करपलेली, कुणाची बोटं कशी उमटतात. माझा हात आपोआप चालला. वस्तीतल्या भाकरी मी फडक्याखाली बाजूला सारल्या आणि त्यांची पाळी आली तेव्हा त्यांच्याच त्यांना दिल्या. मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्यानं भाकर उलटीपालटी करून बघितली, परत टोपल्यात ठेवली. “ही वेठच झाली की,” एवढंच म्हणाला. वस्ती उठली, खोरी खांद्यावर टाकून निघून गेली.

तुम्ही मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं. “लई हुशार हात हाय तुजा,” म्हणालात, आणि तोच हात धरून मला भर दुपारी वस्तीत नेलंत. म्हाताऱ्याची सून चुलीशी होती. तुम्ही तिच्या दारात जमिनीवर बसलात. “बाई, आमी चुकलो. भूक लागलीया, दोगींला भाकर वाढ.” तिनं हाताचं पीठ झटकलं. मग एक भाकर मधोमध मोडून, वर लसणाची चटणी ठेवून तिनं आपल्याला दिली. तुम्ही चवीनं खाल्लीत, वर पाणी मागून प्यालात. दुसऱ्या दिवशी वस्ती कामावर आली. मिरगाआधी खिंड बुजली आणि पुढच्या उन्हाळ्यात कुणी गाव सोडलं नाही. नारळ तेवढा देशमुखांनी फोडला.

आता निजाम गेला, देशमुखी गेली. परवा शाळेतले मास्तर पोरांना बांध दाखवायला घेऊन आले. मला खुर्ची दिली आणि पोरांना म्हणाले, या आजींनी आणि त्यांच्या सासूबाईंनी वस्तीत बसून भाकर खाल्ली, म्हणून हा बांध उभा आहे. मी मान हलवली. हे पत्र कुठं टाकायचं नाही, नातीलाही दाखवायचं नाही, म्हणून लिहिते. मी खाल्ली नव्हती, आत्याबाई. तुम्ही पाणी पीत होतात तेव्हा मी माझी अर्धी भाकर पदरात सरकवली आणि येताना वाटेवरच्या कुत्र्याला टाकली. तुम्हाला कळलं नाही. त्या बाईला कळलं. पदर सावरताना मी वर बघितलं, तर ती माझ्याकडंच बघत होती. तिनं ते घरात कुणाला सांगितलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर सगळ्यांत आधी तीच आली, डोक्यावर चुंबळ ठेवून.