पाच वाजताचा तितान

आसूल, ६ एप्रिल १९८६

ती. हर्मिनियाताई यांस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. देल्फिना गेल्यापासून कळवण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडलं आहे. तुमच्या बहिणीच्या लाडक्या बुटक्या घोड्याने, तितानने, फादर ओलेगारियोंचा चावा घेतला. ते देल्फिनाच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या प्रार्थनेचा दिवस ठरवायला आले होते. कुठे चावला ते लिहीत नाही. निघेपर्यंत फादर खुर्चीत बसले नाहीत, एवढंच सांगतो.

घोडा जेमतेम माझ्या कमरेइतका, पण खिसे फाडतो, मागच्या पायांवर उभा राहून समोरच्याच्या छातीवर खूर ठेवतो. देल्फिना याला मिठी म्हणायची. आमचा रामिरो म्हणतो की बाबा, हा घोडा नाही, गुंड आहे. मेअखेर प्रार्थनेनंतर सगळे जेवायला येतील, नातवंडंही असतील. तोवर हा सुधारला नाही तर विकून टाकायचा, असं त्याने बजावलं आहे.

तिने हाताने वाढवलेलं माझ्याजवळ आता हे एकच उरलं आहे. तुम्ही शेतावर घोड्यांना वळण लावलंत. उपाय सुचवावा. लोभ आहेच, तो तितानवरही असू द्यावा.

आपला,
आनसेल्मो

तान्दील, १४ एप्रिल

प्रिय आनसेल्मोराव,
स. न. वि. वि.

फादरांचं वाचून इतकी हसले की शेजारीण विचारायला आली. मग रडले. असो.

चूक घोड्याची नाही, उंचीची आहे. मोठ्या घोड्याने छातीवर खूर ठेवले असते तर तुम्ही कुंपणापलीकडे पळाला असता. हा बुटका, म्हणून तुम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. आता तो हत्तीएवढा आहे असं समजून वागा. मारू नका; चावरा घोडा मार म्हणजे खेळ समजतो. अंगाशी आला की कोपर पुढे करून मागे सरकवा, आणि तो मागे जाईपर्यंत तुम्ही जागचे हलू नका. हातातून काहीही भरवायचं नाही, घमेल्यात टाकायचं. रोज लांब फिरवा. तुम्हालाही बरं, रामिरो लिहितो की तुम्ही फाटकाबाहेर पडत नाही.

आणि हसू नका. हसलात की मेलात.

तब्येत सांभाळा, म्हणजे मला रागवायला माणूस राहील.

तुमची,
हर्मिनिया

आसूल, ३ मे

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

उपाय लागू पडला. तितान आता कोपर पाहताच मागे सरतो. आम्ही रोज ओढ्यापर्यंत जातो. पाववाल्याने काल विचारलं की दोघांपैकी कोण कोणाला फिरवतंय. प्रश्न रास्त होता.

एकच अडचण उरली. दिवसभर शहाणा असलेला हा घोडा पाच वाजले की पिसाळतो. स्वयंपाकघराच्या अर्ध्या दारावर लाथा घालतो, खिंकाळतो, मी जवळ गेलो तर बाही धरतो. त्या वेळी मी त्याला त्रास देत नाही; ओट्याशी उभा राहून कपभर चहा घेत असतो. रामिरोने परवा हे पाहिलं आणि व्यापाऱ्याला निरोप धाडू का म्हणून विचारलं. मी विषय बदलला. काय करावं?

आपला,
आनसेल्मो

तान्दील, ९ मे

आनसेल्मोराव,

नमस्कार राहू दे, आधी ऐका. तुम्ही आणि चहा? अहो, पाच वाजता त्या घरात काय व्हायचं ते मी पाहुणी असून विसरले नाही. देल्फिना येर्बाच्या पाल्यासाठी किटली ठेवायची, एकाच पेल्यातल्या पाल्यावर पुन्हा पुन्हा गरम पाणी ओतायची. पहिला पेला ती स्वतः घ्यायची, दुसरा तुम्हाला, आणि तिसऱ्या पाळीला दाराशी उभ्या तितानला पावाचा कडक तुकडा. पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही घोड्याला रांगेत उभं राहायला शिकवलंत आणि मग रांगच मोडलीत! बेशिस्त कोण, ते तुम्हीच ठरवा.

किटली ठेवा. पेला भरा. तो दारापासून मागे सरून गप्प उभा राहिला, तरच त्याचा नंबर, तोही घमेल्यात.

तिच्याशिवाय जमणार नाही असं लिहाल. मलाही तिच्याशिवाय काही जमत नाही, तरी मी पितेच.

माया आहे म्हणून बोलले.

हर्मिनिया

आसूल, १ जून

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

गुडघ्यामुळे तुम्हाला येता आलं नाही, म्हणून सगळं कळवतो. प्रार्थना नीट झाली. जेवायला फादरही आले. भिंतीला पाठ लावून बसले. पाच वाजता मी किटली ठेवली, तशी सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. तितान आला, स्वतःच मागे सरला आणि उभा राहिला. पेला साऱ्या घरातून फिरत होता, त्यामुळे त्याचा नंबर फार उशिरा आला. त्याने एकदाच नाक फुरफुरलं. तुकडा घमेल्यात रामिरोने टाकला. व्यापाऱ्याचं नाव कोणी काढलं नाही. जाताना रामिरोने एवढंच विचारलं की पुढच्या रविवारीही किटली असेल ना.

तुमचे उपकार लिहून फिटणारे नाहीत. असाच धाक राहू द्यावा.

आपला,
आनसेल्मो

ता. क. एक राहिलं. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी किटली ठेवली होती. ओतणाऱ्याने पहिला पेला घ्यायचा, म्हणून घेतला. ताई, तो फार कडू असतो. तोंडात पाल्याची भुकटीही येते. इतकी वर्षं माझ्या हातात नेहमी दुसराच आला, त्यामुळे मला हे माहीत नव्हतं. आता पहिला मी घेतो.