मॅडमना वास सहन होत नाही

अहो,

चहा आज तुमचा तुम्हीच करून घ्या. मी कारखान्यात जातेय, ग्रंथालयाची पुस्तकं आजच बांधून द्यायचीत.

मोरोक्कोच्या सहलीसाठी फेझच्या गाईडला नंबर माझाच दिलेला, हे विसरलात वाटतं. सकाळी त्याचा निरोप आला. ‘साहेबांच्या सांगण्यावरून बुधवारी चामडं कमावायचे हौद बघणं रद्द केलं. मॅडमना वास सहन होत नाही. त्याऐवजी खरेदी.’

कुठल्या मॅडमना हो? बावीस वर्षं मी पुस्तकांना चामड्याची बांधणी करतेय. सरस उकळला की नाकाला रुमाल लावून धाडधाड खिडक्या उघडत कोण फिरतं या घरात?

आपल्या दोघांची पाच दिवसांची सहल. मराकेशचे राजवाडे तुमच्या आवडीचे, मेकनेसच्या वेशी तुमच्या आवडीच्या. मी हूं की चूं केलं नाही. माझ्यासाठी फक्त एक सकाळ मागितली होती. तीही कापलीत, आणि वर खापर माझ्याच डोक्यावर! नको होतं तर तोंडावर सांगायचं. मी काय खाणार होते तुम्हाला?

गाईडला कळवलंय, मॅडम बुधवारी दिवसभर हौदांपाशीच थांबतील. वास साहेबांना सहन होत नाही, त्यांना खरेदीला न्या.

ता. क. तुमचा पासपोर्ट ज्या चामडी पाकिटात घालून सगळ्यांना दाखवत सुटता ना, ते माझ्या हातचं आहे. एकदा हुंगून बघा.