पडद्यावर स्वानंदला शोधताना

ती. सौ. आईस,

ब्रिस्टलहून उर्वीचा नमस्कार. मी बरी आहे. हॉस्पिटलच्या शिफ्ट चालू आहेत, जेवणही वेळेवर होतं.

तू फोनवर सांगितलंस तसं केलं. इथल्या फेस्टिवलमधला तो रशियन युद्धाचा सिनेमा पुढच्या रांगेत बसून पाहिला आणि खंदकातलं एकेक तोंड निरखलं. आपला स्वानंद त्यात नव्हता. आई, ते सगळे नट असतात गं. मला हे माहीत होतं, तरी मीही शोधत राहिले.

सिनेमातल्या आईला निदान मुलाची शवपेटी तरी मिळाली. स्वानंदचा पत्ता लागावा म्हणून बाबा अजून रोज दूतावासाला मेल करतात का? त्यांची बीपीची गोळी चुकत नाही ना?

सिनेमा संपल्यावर मी दिग्दर्शकाला विचारलं, "गोदामात नोकरी देतो म्हणून एजंटने रशियात नेलेली आणि हातात बंदूक दिलेली माझ्या भावासारखी आमची मुलं यात कुठे आहेत?" तो म्हणाला, "ती वेगळी गोष्ट आहे." मग त्याने सिनेमात मेलेल्या पोराला स्टेजवर बोलावलं. तो हसत आला. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी बसूनच राहिले. तो जिवंत आहे, याचाच मला राग आला.

बाबांना हे वाचून दाखवू नकोस.

तुझी,
उर्वी