‘नो’कडे सरकणारी पट्टी

शुक्रवार, दिवेलागणीनंतर
देऊळघाट

बाबांचा कॉम्प्युटर आजही सेटिंगच्या निळ्या पानावरच अडकला. बाबा गेल्यापासून तो पुढे जातच नाही. बदल जतन करून बाहेर पडायचं का, असं विचारतो. मी पट्टी ‘यस’वर नेते, ती आपोआप ‘नो’वर सरकते आणि सगळं थिजतं.

शाळेआधी बाबांनी मला घरीच शिकवलं, तेव्हा रेकॉर्ड केलेला त्यांचा आवाज आत आहे. दुसरीकडे कुठेच नाही. कॉम्प्युटर दुरुस्तीचा दुकानदार म्हणाला, "ताई, फॉरमॅट मारा लागन. आतलं समदं जाईन. उद्या घरी येतो."

आई दारातून बघत होती. "त्यायच्या मनात नसन वं. काऊन छळतं त्यायले?"

मी असलं मानत नाही. निदान मानत नव्हते. कीबोर्ड उलटा करून झटकला, तर हळद लागलेला तांदूळ पडला. दसऱ्याला बाबांनीच यंत्राची पूजा करून अक्षता वाहिल्या होत्या. तो दाणा बाणाच्या बटणाखाली रुतला होता. इतकंच होतं तर. हसूच आलं.

पुन्हा चालू केलं तेव्हा कीबोर्ड जोडायचा राहिला होता. माउसने पट्टी ‘यस’वर नेली आणि हात काढून घेतला. क्षणभर थांबून ती हळूच ‘नो’वर गेली. माझा धक्का लागला का? नाही. दोन्ही हात मांडीवरच्या कीबोर्डवर होते, आणि त्याची वायर लोंबत होती.

दुकानदाराला येऊ नका म्हणून कळवलं. आईला फक्त तांदूळ दाखवला. तिच्यापासून पहिल्यांदाच काही लपवलं, आणि लपवताना बाबांची बाजू घेतल्यासारखं वाटलं.