सतरा आडवा

प्रिय लायल यास,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असेल. त्या दिवशी घसरताना तुझा गुडघा सोलवटला होता, त्याची चौकशी करायला मला एकोणतीस वर्षं उशीर झाला, तरी आता कसा आहे ते कळव. इकडे मी आणि नोरीन ठीक आहोत. (नाताळची कार्डं तुझी आणि माझी बायको एकमेकींना पाठवतात, तेव्हा हे तुला ठाऊक असेलच.) मक्याची पेरणी पावसामुळे खोळंबली आहे.

पत्र लिहिण्याचं कारण आईचं शब्दकोडं. आपल्या साप्ताहिकात मोसमाच्या पहिल्या गुरुवारी ती बेसबॉलवर कोडं देते, हे तू विसरला नसशील. यंदा ती नव्वदीला टेकली, दिसेनासं झालंय, म्हणून हे शेवटचं असं तिने जाहीर केलंय. मी ते नेहमीप्रमाणे पेनाने सोडवायला बसलो. सव्वीस वर्षं अंपायरगिरी केलेला माणूस पेन्सिल वापरत नाही. एकदा दिला तो निर्णय दिला. (नोरीन म्हणते की याच बाण्यामुळे आमच्या स्वयंपाकघराला अजून तो हिरवा रंग आहे. तो विषय वेगळा.)

अर्ध्या तासात सगळं सुटलं आणि मी सतरा आडव्यापाशी आलो. तिथे लिहिलंय, 'चार जुलै, नववा डाव, होम प्लेटवर लायल काय होता?' त्या दिवशी अंपायर म्हणून दिलं होतं तेच मी लिहिलं, 'आउट'. इंग्रजीत त्याची अक्षरं तीन, आणि आईने चौकटी दिल्या आहेत चार. मी पुढे ठिपका दिला. नोरीन खांद्यावरून बघत होती. म्हणाली, "अहो अंपायर, ठिपक्याला चौकट मिळत नाही." मी दुसरा अंक विकत आणला. त्यात अक्षरं लांब पसरून लिहून पाहिली, तर उभे शब्द सगळे माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला उभे राहिले. तिसरा अंक घेताना दुकानातल्या हेझलने विचारलं, "सतरा आडव्यावर अडलात का?" म्हणजे सगळं गाव हेच बघत बसलंय. मला तिथे उभं राहवेना.

मग मी वृद्धाश्रमात आईकडे गेलो आणि "तुझं कोडं चुकलंय" असं तिला तोंडावर सांगितलं. ती रुबार्बची आंबटगोड पाई खात होती. खाणं थांबवलं नाही. म्हणाली, "मी तेव्हा कुठे बसले होते, एमेट?" मी म्हटलं, "माझ्या पाठीमागे, जाळीला लागून." "आणि हातात काय होतं?" हातात स्कोअरची वही होती. तिने आयुष्यभर प्रत्येक सामना वहीत टिपलाय, चेंडू न् चेंडू. तीच वही तिने उशाखालून काढून माझ्यासमोर धरली. नववा डाव, तुझं नाव आणि पुढची चौकट रिकामी. तिच्या साठ वर्षांच्या वह्यांत तेवढी एकच रिकामी असेल.

"तू माझा मुलगा, तोही माझा मुलगा," ती म्हणाली. "माझ्याच्याने तेव्हा ती भरवली नाही. या कोड्याचं उत्तर मी छापणार नाही. तुम्ही दोघांनी मिळून भरा, खाली दोघांच्या सह्या करा आणि मला वाचून दाखवा. मला आता दिसत नाही, पण ऐकू येतं." मी म्हटलं, अंपायरचा निर्णय बदलत नसतो. ती म्हणाली, "मी अंपायरला विचारतच नाहीये. तू पाई घेतोस का?"

मी पाई खाल्ली. आता तू म्हणशील, एमेट मऊ पडला. तसं काही नाही. माझा निर्णय नियमाला धरून होता, मी तुझ्यापासून चार हातांवर उभा होतो आणि माझे डोळे तेव्हा उत्तम होते. निव्वळ कोडं पुरं व्हावं, म्हाताऱ्या बाईचं मन राहावं, म्हणून हा पत्रप्रपंच.

तुझा थोरला भाऊ,
एमेट

ता. क. बारा मेला आईचा नव्वदावा वाढदिवस आहे. चर्चच्या हॉलमध्ये दोन वाजता. नेब्रास्काहून गाडीने पाच तास लागतात, मी नकाशावर मोजले. आमची मागची खोली रिकामी आहे. ये. हेच विचारायचं होतं, आणि ते चार पानं लिहून झाल्यावर जमलं.

ता. क. २. चेंडू कॅचर ऑरिनच्या हातमोज्यातून निसटला होता. तुझा पाय प्लेटला लागला तेव्हा तो मातीत पडला होता आणि ऑरिन तो चाचपत होता. मी पाहिलं. तुला सेफ (इंग्रजीत अक्षरं चार) दिलं असतं तर गाव म्हणालं असतं, भाऊ म्हणून दिलं. ते ऐकायची माझ्यात हिंमत नव्हती, म्हणून आउटचा हात वर गेला. तू गाव सोडून गेलास त्या दिवशी मी खिडकीतून गाडी पाहत होतो. तेव्हाही बाहेर आलो नाही. लायल, मी चुकलो.

ता. क. ३. सोबत कोड्याचा चौथा अंक आहे आणि एक पेन्सिल. (आयुष्यात पहिल्यांदा विकत घेतली.) सतरा आडव्याच्या चारही चौकटी मी कोऱ्या ठेवल्या आहेत. तू पेन्सिलीने भरून घेऊन ये. आईसमोर मी त्यावर पेनाने गिरवीन.